छातीवरचे अक्षर

गणपतीत आमचा पुतण्या आरतीला आला तो पांढरा टी-शर्ट घालून. छातीवर लाल पट्टी, आणि पट्टीत पांढऱ्या, जाड, उजवीकडे कललेल्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द: ‘सुप्रीम’. आमच्या सौभाग्यवतींनी किंमत विचारली आणि आकडा ऐकून हातातले तबक खाली ठेवले.

“अरे, एवढे पैसे कसले?”

“काकू, कापडाचे नाहीत. अक्षरांचे!”

पोरगा थट्टेने बोलला, पण खरे बोलला.

या अक्षरांचे घराणे जर्मन. नाव ‘फ्युचुरा’. पॉल रेनर नावाच्या गृहस्थाने ती रेखली आणि फ्रँकफुर्टच्या बाउअर कंपनीने १९२७ साली त्यांचे खिळे बाजारात आणले. रोमन अक्षरांच्या टोकांना एरवी बारीक शेपट्या असतात. रेनरने त्या छाटल्या. वर्तुळ, त्रिकोण, सरळ रेघ, एवढ्यावर सगळा संसार! पुतण्याच्या छातीवर होता तो याच घराण्यातला ठळक, तिरका भाऊ. त्याला इटॅलिक म्हणताना जाणकार जरा अडखळतात. खरे इटॅलिक व्हेनिसचे. १५०१ साली आल्डस मनुशियसच्या छापखान्यातून निघाले, हाताच्या वळणावर घडलेले, नाजूक. इथे ती नजाकत नाही. उभा पहिलवानच पुढे झुकवलेला. या ठशात अख्खे पुस्तक वाचायचे म्हणजे शिक्षाच. पण मथळ्यात किंवा भिंतीवर तो रस्त्यापलीकडून ऐकू येतो.

रेनरने स्वतः १९३२ साली नाझींच्या कलाविचारावर टीका करणारी पुस्तिका लिहिली. पुढच्याच वर्षी त्याला अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रणशाळेतली नोकरी गेली. त्याची अक्षरे मात्र समुद्रापार जाऊन अमेरिकन जाहिरातवाल्यांच्या गळ्यातला ताईत झाली.

न्यूयॉर्कमध्ये बार्बरा क्रुगर ही बाई मासिकांची पाने मांडीत असे. जाहिरात कोणत्या पट्टीत गाते, हे तिला आतून ठाऊक. पुढे चित्रकार म्हणून तिने तोच सूर जाहिरातीवर उलटवला. काळेपांढरे छायाचित्र, लाल पट्टी, तिरके फ्युचुरा. आणि त्यात खरेदीच्या हव्यासाला, पुरुषी मिजाशीला टोचणारे शब्द.

१९९४ साली त्याच शहरात स्केटबोर्डवाल्या पोरांसाठी ‘सुप्रीम’ दुकान निघाले. त्याने बाईंची लाल पट्टी उचलून स्वतःची पाटी केली. खरेदीला चिडवणारे अक्षर खरेदीलाच जुंपले गेले! इथवर मी हसलो असतो. पण २०१३ साली याच दुकानाने, आपल्या पाटीची थट्टा करणाऱ्या एका छोट्या कपडेवालीवर नक्कल केल्याचा दावा ठोकला. उसन्या भांड्यावर आपले नाव कोरायचे आणि वर शेजारणीला चोर म्हणायचे, हा कुठला न्याय? क्रुगरबाईंनी मात्र कोणाचीच बाजू न घेता साऱ्यांनाच विदूषकांत काढले.

हे सगळे पुतण्याला सांगितले. त्याने मान खाली घालून छातीकडे पाहिले.

“मग काका, पैसे खरे कोणाला मिळायला हवे होते?”

मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, “मोदक खायच्या आधी अंगावर पंचा घे रे. त्या अक्षरांवर तूप सांडेल!”