बोअरच्या चुऱ्याचे दप्तर

सेलू तालुक्यात उन्हाळा चढू लागला की बोअरच्या गाड्या शेताशेतांतून फिरू लागतात. आणि एका बांधावर दोन इंच पाणी लागावे, तर लगतच्या बांधावर नुसता फुफाटा उडावा, हा अनुभव येथील शेतकऱ्याच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याचा खुलासा पाणाड्याच्या नारळावर किंवा स्वतःच्या नशिबावर सोपवून तो मोकळा होतो. वस्तुतः सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांत कोठे अभेद्य काळा पाषाण, कोठे सच्छिद्र मांजऱ्या, तर कोठे गेरूचा तांबडा पट्टा असल्याने, पाणी केवळ मुरमात आणि परस्परांशी जोडलेल्या छिद्रांत व भेगांत साठते. अशा खडकाची सरासरी काढून हाती काहीच लागत नाही.

निसर्गातील अशा विषमतेतही एक शिस्त असते, हे प्रथम दाखविले ते नाईलच्या पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या हॅरॉल्ड हर्स्ट यांनी. कैरोजवळील रोडा बेटावर शतकानुशतके लिहिलेल्या पूरपातळ्या तपासून 1951 साली त्यांनी सिद्ध केले की, ओल्या वर्षांमागे ओली व कोरड्यांमागे कोरडी वर्षे निव्वळ योगायोगाने यावीत त्याहून अधिक वेळा येतात. हा कल मोजणारा घातांक निव्वळ योगायोगाच्या मालिकेत 0.5, तर निसर्गातील अशा अनेक मालिकांत सुमारे 0.73 येतो. लहान प्रमाणावरील चढउतार मोठ्या प्रमाणावरही त्याच धाटणीने उमटावेत, या गुणास बेन्वा मांदेलब्रो यांनी 1975 मध्ये 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. आणि 1986 मध्ये टॉमस ह्युएट यांनी हीच रीत तेलविहिरीतील गाळाच्या खडकांच्या सच्छिद्रतेस लावून, दोन विहिरींमधील न दिसणाऱ्या थरांची संभाव्य रचना मांडली.

अर्थात गाळाच्या खडकाचा आकडा आमच्या पाषाणास जसाच्या तसा लावणे अशास्त्रीय ठरेल, आणि ही शिस्तही ठराविक मर्यादेतच टिकते. या गणिताने पाण्याची जागा हमखास सापडणार नाही, परंतु कोठे किती जोखीम आहे हे पैसे घालण्यापूर्वी कळेल. मात्र त्यासाठी नोंदी हव्यात, आणि त्याच आमच्याकडे नाहीत. गाडीवाला फुटाफुटाने चुरा बाहेर फेकतो, काळा, तांबडा, मग ओला; पण बिलावर उरतात ते फूट आणि केसिंग. सातबाऱ्यावर सिंचनाच्या साधनास रकाना आहे, त्याखालील थरांना नाही.

म्हणून प्रत्येक बोअरमध्ये किती फुटांवर कोणता थर लागला याचे थरपत्रक गाडीवाल्याने तहसिलीत दाखल करावे व भूजल सर्वेक्षण यंत्रणेने ते संकलित करावे, असा शिरस्ता शासनाने घालावा. नोंद झाली की कर बसेल, ही शेतकऱ्याची धास्ती निराधार म्हणता येणार नाही. तेव्हा हे पत्रक कोणत्याही आकारणीस वापरले जाणार नाही, अशी हमी त्याच हुकुमात असावी. कोरड्या गेलेल्या बोअरचा खर्च आज एकट्या शेतकऱ्याच्या माथी बसतो. त्याची नोंद राहिली, तर निदान शेजाऱ्याचा तेवढा खर्च वाचेल.