बालकांच्या अंगचापल्याची पारख

जूनच्या अखेरीस वऱ्हाडांतील शाळा उघडूं लागल्या म्हणजे राजापेठेंतील दुकानांवर वह्यादप्तरांसाठीं आईबापांची झुंबड उडते. मुलास अक्षरें किती येतात, पाढे कोठवर पाठ आहेत, याची चौकशी जो तो आस्थेनें करितो. परंतु सहा वर्षांचें मूल एका पायावर तोल सांभाळून उभें राहतें कीं नाहीं, अंगावर आलेला चेंडू झेलतें कीं भिऊन तोंड फिरवितें, हें नीट पाहून लिहून ठेवण्याची चाल आमच्याकडे अद्याप रुळलेली नाहीं. ज्याचा जमाखर्च लिहिला जात नाहीं तें बुडतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस निराळें सांगावयास नको.

धांवणें, उडी मारणें, लंगडी घालणें, चेंडू फेकणें व झेलणें या मोठ्या स्नायूंच्या क्रिया वयाबरोबर आपोआप पुऱ्या येतात, हा समज चुकीचा आहे. वाढ निसर्ग देतो. कौशल्य मात्र मोकळी जागा, सराव व नीट दाखविणारा मनुष्य यांवांचून पक्कें होत नाहीं. ज्या मुलास धांवतां-झेलतां येत नाहीं त्यास सोबती खेळांत घेत नाहींत. खेळावयास मिळत नाहीं म्हणून तें अधिकच मागें पडतें. ही तूट चक्रवाढ व्याजासारखी वाढते. मुलींच्या हातीं तर चेंडू मुळांतच कमी येतो, आणि मग ‘मुलींना फेकतां येत नाहीं’ असें म्हणावयास आपण मोकळे!

मग ही पारख करावी कशी? अमेरिकेंतील डेल उलरिक यांनीं १९८५ सालीं तयार केलेली परीक्षा या कामीं प्रसिद्ध आहे. ती तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीं असून तिच्या तिसऱ्या आवृत्तींत १३ क्रिया आहेत. परीक्षक प्रथम क्रिया करून दाखवितो, मूल एकदां सराव करितें, मग दोनदां ती करून दाखवितें. चेंडू किती लांब गेला हें येथें पाहावयाचें नसतें. फेकतांना विरुद्ध बाजूचा पाय पुढें पडला काय, उडी मारतांना हात मागून पुढें झोकले काय, हें पाहावयाचें असतें. दिसलें तर एक, न दिसलें तर शून्य. त्यामुळें मुलाचें कोठें अडतें तें गुरुजींस कळतें व तेवढेंच शिकवितां येतें. या परीक्षेचे तक्ते अमेरिकन मुलांवरून बसविलेले आहेत. ते आमच्या मुलांस जसेच्या तसे लावूं नयेत. पाहण्याची पद्धति मात्र अवश्य घ्यावी. सरावाचें साहित्य तर घरचेंच आहे. लंगडींत तोल, लगोरींत नेम व विटीदांडूंत टोला शिकावयास मिळतो.

सरकार अगदींच स्वस्थ आहे असें नाहीं. ‘खेलो इंडिया’च्या शालेय चांचण्यांत पहिली ते तिसरीच्या मुलांचें उंची-वजन, एका पायावरील तोल व हाताची चपळाई पाहण्याची योजना आहे. पण धांवणें, फेकणें व झेलणें त्यांत येत नाहीं. आणि नुसता आंकडा भरून पाठविल्यानें मूल सुधारत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविलें आहे. दाट वस्तीच्या पेठेंत तें कोठून आणावें, हा प्रश्न खरा. परंतु जवळचें मैदान ठराविक वेळीं शाळांकरितां राखून ठेवणें महानगरपालिकेस अशक्य नाहीं.

‘मुलांच्या मागें आधींच परीक्षा काय थोड्या आहेत?’ असा आक्षेप येईल. तो योग्य आहे, म्हणूनच येथें गुण नकोत, क्रमांक नको आणि चारचौघांत हंसें तर नकोच नको. वर्षांतून दोनदां पाहावें व नोंद पालकांस खाजगी रीतीनें सांगावी. जें मूल वारंवार पडतें, ज्याचा तोल सरावानेंहि सुधारत नाहीं, त्यास ‘धांदरट’ म्हणून न हिणवितां, २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या वैद्यकीय पथकास दाखवावें.

याच अमरावतींत १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, आणि मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं आपले देशी खेळ जगास दाखविले. अशा नगरींत शारीरिक शिक्षण घेणाऱ्या तरुणांचा तोटा नाहीं. त्यांनीं आठवड्याचा एक तास शेजारच्या प्राथमिक शाळेस दिला तर गुरुजींचें ओझें हलकें होईल. आखाड्याचा अभिमान मिरवावयाचा आणि पहिलीच्या मुलास लंगडी नीट घालतां येते कीं नाहीं हें पाहावयाचें नाहीं, हें आम्हांस शोभत नाहीं. येत्या पालकसभेंत प्रत्येक आईबापानें शाळेस एवढेंच विचारावें: माझें मूल उडी कशी मारतें, हें आपण पाहिलें आहे काय?