तारप्याची हाक

९ ऑगस्ट हा समाजवादी चळवळीचा क्रांतिदिन. १९९४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने हाच दिवस जगातील आदिवासी जनतेचा दिन म्हणून जाहीर केला आणि आता ठाणे-कल्याणपासून शहापूर-मुरबाडपर्यंत त्या दिवशी मिरवणुका निघतात. पुढे तारपा असतो, मागे ध्वनिक्षेपकावर आदिवासी तरुणांनी बांधलेली नवी गाणी असतात. सज्जातून पाहणाऱ्या मध्यमवर्गीयाला त्यात एक तर वाहतुकीचा खोळंबा दिसतो, नाही तर लोककलेचे कौतुक वाटते. गाणे काय म्हणते आहे, हे ऐकण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही.

तारपा हे सुकवलेल्या दुधी भोपळ्याचे, बांबूच्या नळ्यांचे आणि ताडाच्या पानांचे वाद्य. भातकापणीच्या हंगामात तारपकरी मध्ये उभा राहतो आणि त्याच्याभोवती स्त्रीपुरुषांची साखळी फेर धरते. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे हा फेर जगभर गेला. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. आज डोंबिवलीच्या दिवाणखान्यांतही तो फेर भिंतीवर दिसतो. पण चित्रातला तारपा वाजत नाही, म्हणूनच तो सोयीचा ठरला असावा. वाजणारा तारपा प्रश्न विचारतो.

मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडली गेली त्याच वर्षी, २०१९ साली, केलटीपाड्याचे वारली गायक आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांनी ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप गाणाऱ्या तरुणांबरोबर ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. नावातच १९४५ च्या उठावाची आठवण आहे. त्या वर्षी वेठबिगार आणि लग्नगडी या गुलामीच्या प्रथांविरुद्ध ठाणे जिल्ह्यातील वारली उठले. १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड व त्यांचे साथी बळी पडले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालील तो लढा किसान सभेचा होता, समाजवाद्यांचा नव्हता. हे मान्य करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या अन्याय झाला, त्यांच्यातला एक गायक शहरातल्या मुलांना आपल्या गाण्यात सामील करून घेतो. सलोख्याचा हात येथे पीडितानेच पुढे केला आहे.

असा हात दूरच्या ऑस्ट्रेलियातही पुढे झाला होता. १९८८ साली पंतप्रधान हॉक यांनी तेथील आदिवासींना कराराचे वचन दिले. ते पाळले गेले नाही, तेव्हा १९९१ साली ‘योथू यिंडी’ या आदिवासी आणि गोऱ्या वादकांच्या संयुक्त वाद्यवृंदाने ‘ट्रीटी’ हे गाणे गाऊन त्या वचनाची आठवण दिली. सारा देश त्यावर नाचला. २००८ साली संसदेत पंतप्रधान रड यांनी क्षमाही मागितली. तरी २०२३ च्या सार्वमतात आदिवासींना सल्लागार मंडळाद्वारे घटनात्मक आवाज देण्याचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. टाळ्या वाजवणे आणि हक्क देणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळते.

आपल्याकडे परिस्थिती फार वेगळी नाही. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. कबुली झाली, परतफेड राहिली. शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा यांचे पाणी महानगराला जाते. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ठाण्याच्या येऊरमध्ये वारली पाडे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, पण कायदा ग्रामसभेकडे बोट दाखवतो. मग शहरातल्या पाड्याची ग्रामसभा कोणती, या प्रश्नावर दावा अडतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शहराने डोंगराकडून घेतलेले हे कर्ज आहे, आणि सांस्कृतिक महोत्सवातील सत्काराने ते फिटत नाही.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. सभेच्या आरंभी पाहुण्यांच्या स्वागतासाठी तारपा वाजवून घ्यायचा आणि भाषणे सुरू होताच तारपकऱ्याला मांडवाबाहेर बसवायचे, ही रीत बंद झाली पाहिजे. त्याला बोलू द्यावे, नव्या गाण्यांचा अर्थ त्या मुलांकडूनच समजून घ्यावा. आणि कार्यक्रम संपल्यावर पाड्यावर जाऊन १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कब्जाचे पुरावे गोळा करण्यास, दावे भरण्यास आणि ते पुढे सरकेपर्यंत कचेरीत खेटे घालण्यास हातभार लावावा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत. पण सलोखा घडतो तो अशाच कामातून.

तारप्याच्या फेरात शिरायचे तर शेजाऱ्याच्या कमरेभोवती हात घालावा लागतो. दुरून ठेका धरणारा शेवटी प्रेक्षकच राहतो. समाजवादी कार्यकर्त्याने प्रेक्षक राहता कामा नये.