संवादाचे प्रशिक्षण कोणत्या भाषेच्या आधाराने?

तेलंगणा शासनाने २०२२ साली सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणले, तेव्हा त्यासोबत एक मोलाची कबुलीही दिली. नव्या पाठ्यपुस्तकांत एका पानावर इंग्रजी आणि समोरच्या पानावर तेलुगू छापले गेले. मूल अनोळखी भाषेकडे ओळखीच्या भाषेवरूनच पोचते, हे शासनाने स्वतः छापून मान्य केले. प्रतिपक्षाने मान्य केलेली गोष्ट न्यायालयात सिद्ध करावी लागत नाही. मग बेला, जैनथकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांतील इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला हाच न्याय का लावू नये?

या प्रशिक्षणांत हल्ली दोन शब्दांचा गजर चालतो : ‘संवादी वर्ग’ आणि ‘तंत्रज्ञान’. माझा विरोध दोहोंपैकी एकालाही नाही. दुसऱ्याला पहिल्याच्या जागी बसविण्याला आहे. भिंतीवर डिजिटल फळा लागला, पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर उघडला, की वर्ग संवादी झाला असे धरले जाते. पूर्वी गुरुजी बोलत आणि मुले ऐकत. आता फळा बोलतो आणि मुले ऐकतात. फरक पडला तो विजेच्या बिलात.

प्रा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील सामान्य शाळांत संवादी अध्यापनाचा जो प्रयोग केला, त्याची साधने खडू, फळा आणि कागद एवढीच होती. मुलांपुढे नकाशा किंवा रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे, प्रश्न विचारायचे आणि उत्तर शोधता शोधता भाषा अंगवळणी पडू द्यायची. आपल्या मुलांपुढे आदिलाबाद–मुदखेड मार्गाचे वेळापत्रक ठेवून पाहा. गाडी किनवटला केव्हा पोचते? तेथे किती वेळ थांबते? मुले आधी आपसांत मराठीतच बोलतील; बोलू द्यावीत. ते अर्धेमुर्धे मराठी उत्तर झेलून इंग्रजीत त्यांच्या हाती परत देणे, हे त्या क्षणी शिक्षकाचे खरे काम. मराठी न कळणाऱ्या शिक्षकाला ते जमणार नाही, आणि केवळ तेलुगूचा आधार धरून आखलेल्या प्रशिक्षणातून ते शिकताही येणार नाही. तंत्रज्ञान हवेच असेल तर ते येथे वापरावे : किनवटच्या जिल्हा परिषद शाळेतील इंग्रजीचा तास आदिलाबादच्या शिक्षकाला पाहता यावा, त्यावर त्याला प्रश्न विचारता यावेत.

इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था १९५८ पासून हैदराबादेत आहे. २००७ साली तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. एका राज्याकडे शास्त्र आहे, दुसऱ्याकडे अनुभव. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते, याची आठवण दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना कोणी तरी करून द्यावी.

आपल्यातले काही कार्यकर्ते इंग्रजीलाच वैरी मानतात. हे मला पटत नाही. पालक मुलाला खासगी शाळेत घालतात ते मराठीच्या द्वेषापोटी नव्हे. मराठी शाळेत इंग्रजी येत नाही या समजुतीपायी. पटावरची मुले घटली की शाळेवर गंडांतर येते, आणि मग मातृभाषेच्या हक्काचा कागद आपण कोणासाठी नाचवणार?

तो हक्क कागदावर भक्कम आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५०क नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या ‘पुरेशा सोयी’ देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावयाचा आहे. मुलांचे म्हणणे न समजणारा शिक्षक ‘पुरेशी सोय’ ठरत नाही, असा माझा युक्तिवाद आहे. (तोच युक्तिवाद गोंडी आणि कोलामी मुलांसाठीही लागू पडतो, तो आपण सोयीस्करपणे विसरू नये.)

तेव्हा पालकांनी शाळेच्या समितीत लेखी ठराव करावा. इंग्रजीचे मागील प्रशिक्षण कोणत्या भाषेच्या आधाराने झाले? मराठी जाणणारा प्रशिक्षक होता काय? मराठी–इंग्रजी साहित्य शिक्षकांच्या हाती केव्हा पडेल? ठरावाची एक प्रत जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना आणि दुसरी भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी, आणि पोच जपून ठेवावी.