आधी पाणी, मग मेट्रो

पुण्यात लहान मुलांच्या कुटुंबाने घर घेताना चौरस फुटाचा भाव आणि मेट्रोचे अंतर पाहावे, हे गेल्या अंकातील पत्रातले मत अपुरे आहे. पहिला प्रश्न पाण्याचा असतो. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. हद्द वाढली, जलवाहिन्या मात्र त्या वेगाने पोहोचल्या नाहीत. तिथल्या अनेक सोसायट्या आजही टँकरवर जगतात आणि तो खर्च देखभाल शुल्कातून दरमहा वसूल होतो. स्वस्त वाटलेले घर असे महाग पडते. म्हणून भोगवटा प्रमाणपत्राबरोबरच नळजोडणी प्रत्यक्ष सुरू आहे का, हे तिथल्या रहिवाशांनाच विचारावे, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत. बिल्डरच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

शाळेचे अंतरही तितकेच मोलाचे. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांसाठी पात्र मुलांना एक किलोमीटरच्या आतील शाळेत प्राधान्य मिळते. इतरांसाठीही पाच वर्षांच्या मुलाचा तासभराचा बसप्रवास ही शिक्षाच आहे. बाग, दवाखाना, अंगणवाडी चालत गाठता यावी. सलग पदपथ नसेल तर नकाशावरचे पाचशे मीटर बाबागाडीला पार करता येत नाहीत. मेट्रो त्यानंतर.