सहा महिन्यांचा पत्ता

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतात त्याच सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, काही थेट कर्नाटकात. गाळप संपवून माघारी यायचं ते मार्च-एप्रिलात. म्हणजे पाच-सहा महिने, आणि नेहमीच्या टीबीच्या उपचारालाही सहाच महिने लागतात. यंदाचा अंक आम्ही स्थलांतर आणि साथीचे आजार या विषयाला दिला, तो हा मेळ डोळ्यांत खुपत राहिला म्हणून.

एके काळी क्षय म्हणजे सॅनेटोरियम असंच समीकरण होतं. आपल्याकडे मिरजेजवळचं वानलेसवाडी त्यासाठीच ओळखलं जाई. ते समीकरण मोडलं मद्रासमध्ये. तिथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९३ गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियमात, दुसरा आपल्याच दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना सारखीच. वर्षाअखेर दोन्ही गटांत जवळपास सारखेच रुग्ण सुधारले, आणि पुढच्या काही वर्षांत घरच्यांनाही जास्तीची लागण झाल्याचं दिसलं नाही. १९५९ च्या त्या निष्कर्षांनी जगभरच्या उपचारांची दिशा बदलली. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत होती: रुग्णाचं घर जागेवर राहतं.

ऊसतोडीत घर म्हणजे फडाजवळची कोपी, तीही हलती. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात, आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावावर. एकाला खोकला लागला तरी काम दोघांचं अडतं, खाडा पडला की पैसे कापले जातात, उचल मात्र अंगावर तशीच. मग आजार सांगणार कोण? त्यात टीबीची खोड अशी की औषधं सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत ताप-खोकला जातो, भूक लागते, माणूस बरा झालो म्हणून कोयता उचलतो. चिवट जंतू अजून आतच असतात. गोळ्या इथे सुटल्या तर आजार उलटतो, कधी औषधांना दाद न देणारा होऊन. गावच्या आशाताईच्या यादीत अशा माणसासमोर ‘उपचार सोडला’ असा शेरा पडतो. आम्हाला तो शेरा अन्यायाचा वाटतो. उपचार त्याच्यामागे गेला नाही, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

दुसरा धागा अन्नाचा. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकांतून आलेले निष्कर्ष सांगतात की त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. लस नव्हे, नवं औषध नव्हे, डाळ-तांदूळ! सरकारनेही रुग्णाला पोषणासाठी दिले जाणारे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले, हे चांगलंच. पण ते पैसे रुग्णाचे. कोपीत त्याच्या शेजारी झोपणाऱ्या पोरांच्या ताटाचं काय? रेशन कार्ड कुठेही चालतं असं कागद म्हणतो. पहाटे फडात शिरून अंधार पडल्यावर परतणाऱ्या बाईला दुकान उघडं कधी सापडायचं, हे कागदात नाही.

रुग्णाची नोंद ‘निक्षय’ पोर्टलवरून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते. सोय आहे. ती वापरायची तर माणूस कोणत्या कारखान्याकडे निघाला हे आरोग्य केंद्राला कळायला हवं, आणि ते मुकादमाला नेमकं ठाऊक असतं. उचलीच्या वसुलीपोटी तो एकही कोयता हरवू देत नाही. गाळपाचा परवाना साखर आयुक्तालय देतं. टोळी उतरल्यावर पंधरा दिवसांत खोकल्याची तपासणी आणि कारखान्यावर टीबीच्या गोळ्यांचा साठा, एवढ्या दोन अटी त्या परवान्यात घालायला पुढच्या हंगामाची वाट कशाला पाहायची?