हुशारी आहे का?

मागच्या आठवड्यात आमच्या चिरंजीवांना ताप होता. चौथ्या दिवशी उतरला, तशी यवतमाळहून मोठ्या आईचा (म्हणजे माझ्या थोरल्या काकूचा) फोन आला. फोन तिनं थेट नातवाकडेच द्यायला लावला. "काय रे बापू, हुशारी आहे का आता?" पठ्ठ्या म्हणतो, "हो आजी, गणितात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले!"

हसून हसून पुरेवाट झाली. रात्री मात्र विचार सुरू झाला. पोराची काय चूक? त्याच्या जगात हुशारी म्हणजे मार्कच. मूळ फारसी शब्दाचा अर्थ जागा असलेला, भानावर असलेला. आमच्या गावाकडे तो अर्थ अजून शिल्लक आहे. चहा घेतला की हुशारी वाटते, दुखण्यातून उठलेल्या माणसाला हळूहळू हुशारी येते. पुण्यात येता येता तीच हुशारी मार्कलिस्टवर जाऊन बसली.

मग असे शब्द आठवायचा चाळाच लागला, आणि एक गंमत लक्षात आली. आपले उजेडाचे शब्द फार लवकर बिघडतात. 'काय उजेड पाडला!', 'काय दिवे लावले!' ही वाक्यं मी दर निकालाला वडिलांकडून ऐकली आहेत, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतात. तो चमचमता कागद चिकटवण्यात केवढी माया असते! पण भाषेनं त्यातून काय उचललं, तर 'बेगडी', म्हणजे खोटं. बाजारातली 'तेजी' फारसीतून आली असली तरी आपल्या 'तेजा'ची ती चुलत बहीणच. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. केवढी तेजी! मोठे बाबा तोवर सगळा कापूस विकून मोकळे झाले होते. तेज पडलं ते दुसऱ्याच्या अंगणात.

आता दुसरे शब्द बघा. टवटवीत, तरतरीत, रसरशीत, तजेलदार. यांचा टोमणा करून पाहा, मला तरी जमला नाही. मला वाटतं, याचं कारण हे की हे शब्द आपण माणसाइतकेच झाडापानांनाही वापरतो. पान टवटवीत दिसतं तेव्हा मुळाशी ओल असतेच, ती वरून चिकटवता येत नाही. यांचे उलटे शब्दही तसेच. सुकला, कोमेजला, मलूल झाला, मान टाकली... रोपाला तेच आणि माणसालाही तेच. शेताकडे ज्या डोळ्यांनी बघायचं त्याच डोळ्यांनी माणसाकडेही बघायचं, म्हणून शब्दही एकच.

२०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी सरकारनं यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या दोन जिल्ह्यांत 'बळीराजा चेतना अभियान' सुरू केलं होतं. हेतूबद्दल माझी तक्रार नाही, नावाबद्दल थोडी आहे. चेतना हा शब्द सुंदर आहे. विस्तव चेततो, चूल चेतवतात, त्याच घरातला. पण तो फलकावर लिहायचा शब्द. कुणाच्या ओट्यावर बसून 'तुमच्यात चेतना आहे का?' असं विचारता येत नाही. 'हुशारी आहे का?' हे मात्र विचारता येतं.

हे मी इतक्या खात्रीनं सांगतोय त्याला कारण घरातलंच आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस पोखरला. त्या हिवाळ्यात मी दर रविवारी फोन करायचो. मोठे बाबा म्हणायचे, "बरं आहे." मीही तेवढं ऐकून फोन ठेवायचो. एकदा मोठ्या आईनं फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "बरं म्हनतात रे, पन मानूस मलूल झाला. पऱ्हाटीवानी सुकून राह्यले."

त्याच रात्री ट्रॅव्हल्सनं निघालो. पाच दिवस राहिलो. कर्जाचे कागद पसरून बसलो, त्यांना डॉक्टरांकडे नेलं, आणि उरलेला वेळ नुसताच ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो. गेलो नसतो तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. पण तिनं 'ते टेन्शनमध्ये आहेत' असं म्हटलं असतं तर मी निघालो नसतो, हे नक्की. टेन्शन काय, मलाही रोजच असतं.

'फ्रेश', 'एनर्जी', 'मूड' या शब्दांशी माझं भांडण नाही. मीही वापरतो. पण ते आज सकाळपुरतं विचारतात. जुने शब्द मुळाशी ओल आहे का ते विचारतात. एवढाच फरक, पण कधी कधी माणूस त्या फरकावर उभा असतो.

असो. चिरंजीवांना सगळं समजावून सांगितलं. रविवारी त्यानं स्वतः फोन लावला. "मोठे आजोबा, हुशारी आहे का?"

"हाये ना बापू. अन् तुले?"

या वेळी त्यानं मार्क सांगितले नाहीत :)

तुमच्या घरात असे कुठले शब्द आहेत? आठवले तर जरूर कळवा. आणि त्याआधी घरी एक फोन करा.